टूर्निके: आधी शाप, आता पहिला उपाय. मत उलटलं कसं?

घाटवाट:

हातापायातून रक्ताची धार लागली की जखमेच्या वर पट्टा आवळायचा, म्हणजेच टूर्निके लावायचा, ही युक्ती जुनी आहे. १६७४ मध्ये बेझांसाँच्या वेढ्यात मोरेल या फ्रेंच सर्जनने पट्टीत काठी घालून ती पिळली. १७१८ मध्ये झाँ-लुई पेती याने पितळी स्क्रूने घट्ट होणारा टूर्निके केला आणि त्या शब्दाचा अर्थही 'फिरवणे' याच क्रियापदाशी जोडलेला आहे. म्हणजे साधन हाताशी होतं, वापरात होतं.

तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी त्याच्यावर इतके चिडलेले दिसतात की त्याला सैतानाची करणी म्हणण्यापर्यंत मजल गेली. पुढे कित्येक दशकं प्रथमोपचाराच्या पुस्तकांत 'अगदीच दुसरा मार्ग नसेल तर' या अटीवरच त्याला जागा मिळाली. आणि आज? गोळीबार चालू असताना जखमीवर करायचा जवळजवळ एकमेव उपचार म्हणजे टूर्निके, असं सैनिकांना शिकवतात. प्रत्येकाच्या अंगावर एक, आणि तोही दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी.

माझे प्रश्न असे:

१९१६ चे डॉक्टर चुकले होते का? की त्यांनी जे पाहिलं ते खरंच तसं होतं?

आंब्र्वाझ पारे याने १५५२ मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात पाय कापल्यावर धमन्या दोऱ्याने बांधल्या, तापलेली सळई टाळली. मग ती पद्धत रुळायला पुढची दीड-दोन शतकं का लागली?

आणि प्रत्यक्षात पट्टा किती घट्ट, कुठे, किती वेळ? 'दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करा' असं जुन्या पुस्तकांत सापडतं, नव्या सूचनांत ते नाही. का काढलं?

---

नाडीपरीक्षा:

घाटवाट, टूर्निकेच्या शेजारी घड्याळ ठेवून पाहा, बरंच उलगडेल. पट्टा आवळल्यापासून सर्जनच्या टेबलापर्यंत किती तास लागत होते, त्यावर त्या त्या काळाचं मत ठरलेलं आहे.

आधी पारे. धमनी चिमट्यात पकडून दोऱ्याने बांधायची तर ती दिसायला हवी. मांडीच्या मध्यावर पाय कापला की एक मोठी धमनी आणि तिच्या कितीतरी फांद्या एकाच वेळी उडायला लागतात. मदतनीस दोन्ही अंगठ्यांनी जांघेत दाबून धरतो, पण जखमी तडफडत असतो, त्याला भूल दिलेली नसते, अंगठा घसरतो. पुढची धमनी शोधेपर्यंत माणूस संपतो. सळईने डागणं क्रूर असलं तरी काही क्षणांत उरकायचं. रक्तप्रवाह खात्रीने थांबवून धरणारं काहीतरी हाती आल्याशिवाय पारेची पद्धत सर्वसाधारण सर्जनच्या आवाक्यात येणं शक्य नव्हतं. ते पेतीच्या स्क्रूने दिलं. मदतनिसाचे हात मोकळे झाले, आणि एखादी धमनी राहिली आहे का हे पाहायला स्क्रू थोडा सैल करून परत आवळता येऊ लागलं. ही सोय काठीच्या पिळात नव्हती.

आता घड्याळ. पेतीचा टूर्निके सर्जनच्या टेबलावरचा होता. पट्टा आवळणारा आणि सोडणारा एकच माणूस, मध्ये काही मिनिटं. रणांगणावर तो नेला की हे नातं तुटतं: आवळणारा वेगळा, सोडणारा वेगळा, मध्ये अंतर. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या सर्जनला हे अंतर कळलं होतं. १७९२ पासून त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट लढाईच्या तोंडाशी नेल्या आणि अवयव कापायचा तर पहिल्या काही तासांतच, यावर तो ठाम राहिला. अमेरिकन यादवी युद्धात ऑगस्ट १८६२ मधल्या बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर काही जखमी आठवडाभर मैदानात पडून होते. उत्तरेच्या सैन्यातला डॉक्टर लेटरमन याने शिस्तबद्ध रुग्णवाहिका दल उभं केल्यावर पुढच्याच महिन्यात अँटिटमचे जखमी साधारण एका दिवसात उचलले गेले. अशा काळात मैदानावर कुणी पट्टा बांधला तर तो कधी सुटेल याचा काहीच भरवसा नव्हता.

१९१६ ची पश्चिम आघाडी डोळ्यांसमोर आणा. दोन खंदकांमधल्या पट्ट्यात पडलेला माणूस अंधार झाल्याशिवाय उचलता येत नाही. चिखलात एका स्ट्रेचरला चारऐवजी सहा-आठ जण लागतात. तिथून रेजिमेंटची मदतचौकी, तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, जिथे खरी शस्त्रक्रिया. दहा-बारा तास सहज जातात. पट्टा बहुतेकदा रबरी नळीचा, वरून कोट किंवा घोंगडी, कागदावर नोंद नाही. सर्जन घोंगडी उचलतो तेव्हा खाली पांढराफटक, थंड, ताठ पाय असतो.

त्यात भर मातीची. ती शेतं पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली, गॅस गँग्रीनच्या जंतूंनी भरलेली. त्या जंतूंना ऑक्सिजन नसलेला मेलेला स्नायू लागतो आणि दहा तास आवळलेला पट्टा त्यांना नेमका तोच वाढून देतो. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. म्हणून ते डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर येणारे पाय टूर्निकेनेच मेलेले होते. फक्त पट्टा नसल्यामुळे वाटेतच रक्त जाऊन गेलेली माणसं त्यांच्या टेबलापर्यंत कधी पोहोचलीच नाहीत, आणि म्हणून ती त्यांच्या मतात मोजली गेली नाहीत.

त्याच सर्जनांनी काय बरोबर केलं तेही बघा. मांडीचं हाड मोडलेल्या जखमींपैकी साधारण ८० टक्के मरत होते. थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून धरणारी फळी, पुढच्या चौकीवर आणल्यावर तो आकडा २० टक्क्यांच्या आसपास आला. मोडलेल्या हाडाच्या टोकांवर मांडीचे स्नायू आखडतात, मांडी आखूड आणि गोल होते, आणि गोल आकारात रक्त साठायला जास्त जागा मिळते. एका मांडीत लिटर-दीड लिटर रक्त बाहेर न दिसता जाऊ शकतं. बुटाला धरून पाय ताणून ठेवला की मांडी पुन्हा लांबट होते, आतली जागा घटते, हाडाची टोकं मांस फाडायची थांबतात. डोळे बांधून ही फळी लावायचा सराव स्ट्रेचरवाल्यांकडून करून घेत, कारण काम अंधारातच करायचं होतं.

---

तिसरी पलटण:

नाडीपरीक्षा यांच्या घड्याळाशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, साधनच वाईट होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने दिलेला टूर्निके म्हणजे कापडी पट्टा आणि बकल. बकलमधून ओढून हाताच्या ताकदीने जितकं आवळेल तितकं. वुल्फ आणि अॅडकिन्स या सर्जनांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं की या पट्ट्याने मांडीतला प्रवाह धड थांबत नाही, रुंद आणि पीळ देता येईल असं काहीतरी द्या. तरी जवळजवळ तीच पट्टी पुढे कित्येक दशकं किटमध्ये राहिली. बदनाम झालेल्या वस्तूत सुधारणा करायला कुणी पैसा आणि वेळ घालत नाही, आणि सुधारणा नाही म्हणून बदनामी टिकते.

दुसरी गोष्ट कोरियन युद्धाची. हेलिकॉप्टरबद्दल सगळे बोलतात, पण तिथे त्याहून मोठं काहीतरी घडलं. दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनीच्या जखमांचा हिशेब डीबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ मध्ये मांडला होता. त्यातल्या फार थोड्या शिवल्या गेल्या. बाकीच्या बांधून टाकल्या आणि बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव कापावे लागले. कोरियात धमनी शिवायला सुरुवात झाल्यावर तो आकडा १३ टक्क्यांच्या घरात आला. धमनी शेवटी बांधूनच टाकायची असेल तर पट्ट्याने अवयव 'वाचवला' या म्हणण्यात अर्थ नव्हता. धमनी जोडता येऊ लागली तेव्हा पट्ट्याखालचा पाय परत मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

तरी व्हिएतनाममध्ये केवळ हातापायाच्या रक्तस्रावाने, दुसरी जीवघेणी जखम नसताना, सुमारे २,५०० अमेरिकन सैनिक गेले असा अंदाज आहे. मत बदलायला तिथून पुढे वीस-पंचवीस वर्षं लागली. १९९६ मध्ये बटलर आणि सहकाऱ्यांनी रणांगणावरच्या उपचारांचे टप्पे नव्याने मांडले, तेव्हा टूर्निके पहिल्या टप्प्यात आला. २००५ च्या सुमारास दांडीवाला, एका हाताने लावता येणारा कॅट टूर्निके अमेरिकन सैनिकांना सरसकट मिळू लागला.

पुरावा बगदादमधून आला. क्राग यांनी तिथल्या लष्करी रुग्णालयातले २३२ रुग्ण आणि ४२८ टूर्निके तपासले. शॉकमध्ये (रक्त कमी पडून शरीराचा रक्तपुरवठा कोलमडणं) जाण्याआधी पट्टा लागलेल्यांपैकी ९० टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर लागलेल्यांपैकी १० टक्के. निव्वळ टूर्निकेमुळे एकही अवयव गेला नाही, तात्पुरता मज्जातंतूचा लुळेपणा चौघांना.

पण हा आकडा फेकताना लोक एक गोष्ट गाळतात. त्यातले बहुतेक पट्टे दोन तासांच्या आत सुटले होते, कारण आकाश त्यांच्या ताब्यात होतं आणि रुग्णालय जवळ होतं. शिवाय शॉकमध्ये गेलेले मुळात जास्त जखमी असणार, त्यामुळे ९० आणि १० मधला सगळा फरक पट्ट्याच्या वेळेचा धरता येत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

---

कापूसपट्टी:

प्रत्यक्ष वापराबद्दल.

सगळ्यात जास्त घोळ कशात होतो तर पट्टा *अर्धवट* आवळण्यात. धमनीतला वरचा दाब १२० च्या आसपास, शिरेतला त्याच्या किती तरी खाली. पट्ट्याने समजा ६० इतकाच दाब दिला तर शिरा मिटतात आणि धमनी चालू राहते. आत येणारं रक्त थांबत नाही, परत जाणारी वाट बंद होते, आणि जखमेतून आधीपेक्षा जास्त रक्त येतं. पाय निळसर, टणक, फुगलेला दिसतो. बरोबर आवळलेला पाय फिका पडतो. निळा आणि फुगलेला दिसला की पट्टा सैल आहे, आणखी आवळा. 'दुखतंय म्हणून थोडा सैल ठेवला' हा दयाळूपणा जीव घेतो. नीट लागलेला टूर्निके प्रचंड दुखतोच, ते आधीच सांगून ठेवावं.

दांडीच्या टूर्निकेत चूक पहिल्या ओढीत होते. आधी पट्टा हाताने पूर्ण खेचायचा, इतका की त्याच्याखाली तीन बोटांची टोकंसुद्धा सरकणार नाहीत. वेल्क्रो चिकटवायचा. मग दांडी. ढिलाई आधीच काढलेली असेल तर दांडीचे दीड-दोन फेरे पुरतात. तीन फेरे झाले आणि रक्त वाहतंच आहे, तर पट्टाच सैल राहिला होता: दांडी उलटी फिरवा, पट्टा परत खेचा, पुन्हा सुरू करा. तसंच पिळत राहिलं तर पट्टा गोळा होतो किंवा दांडी मोडते.

जागा: जखम दिसत असेल तर तिच्या वर पाच ते साडेसात सेंटिमीटर, थेट त्वचेवर, गुडघा किंवा कोपर टाळून. सांध्यावर बांधला तर धमनी हाडांच्या खाचेत सुरक्षित बसते आणि दाब पोहोचत नाही. गोळीबार चालू असेल, जखम नेमकी दिसत नसेल, तर कपड्यांवरूनच, हात किंवा पाय जिथे सुरू होतो तितक्या वर. अशा वेळी खिसा आधी रिकामा करा. खिशातल्या किल्ल्या किंवा मॅगझिन पट्ट्याखाली आलं तर एका बाजूला दाब पडतो, दुसऱ्या बाजूने धमनी मोकळी. आडोशाला पोहोचलात की कपडे कापून जखम शोधा आणि दुसरा टूर्निके त्वचेवर, नेमक्या जागी लावा.

थांबलं हे कसं ओळखायचं? चकाकणारं लाल रक्त वाहायचं थांबलं *आणि* पट्ट्याच्या खाली नाडी लागत नाही, दोन्ही. नाडी लागत असेल तर आणखी अर्धा फेरा, तरीही लागली तर पहिल्याला चिकटून दुसरा पट्टा. मांडी जाड असेल तर दोन लागतातच. रुंद पट्ट्याला कमी दाब पुरतो; दोन पट्टे शेजारी म्हणजे एक रुंद पट्टा.

ओढणी, गमछा आणि काठी वापरायची वेळ आली तर कापड निदान चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करा. दोरी, वायर, चार्जरची केबल नको. अरुंद वस्तू मज्जातंतू आणि कातडी चिरते आणि तरीही खोलवरची धमनी मिटवत नाही. काठीशिवाय नुसती गाठ मारून मांडीची धमनी जवळजवळ कधीच बंद होत नाही. पँटचा चामडी पट्टा दिसायला योग्य वाटतो, पण तो कडक असतो, पीळ घेत नाही.

वेळ लिहा. कपाळावर, पट्ट्यावर, कार्डावर, कुठेही, पण दिसेल असं, आणि पट्टा घोंगडीने झाकू नका. १९१६ च्या पायांपैकी कितीतरी फक्त या एका कारणाने गेले असतील.

आणखी एक, साठवणीबद्दल. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून आधीच बाहेर काढून, योग्य घडी घालून ठेवा. रक्ताने निसरड्या झालेल्या बोटांनी वेष्टन फाटत नाही. उन्हात महिनोन्‌महिने अंगावर बाहेर लटकलेला टूर्निके ठिसूळ होतो. आणि सरावाचा टूर्निके सरावालाच. वारंवार पीळ घेतलेली दांडी आणि शिवण ऐनवेळी दगा देते.

---

घाटवाट:

हे सगळं छान उलगडलं, तिघांचे आभार. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करण्याचं उत्तर राहिलं. शिवाय हेलिकॉप्टर येणारच नसेल तर? युक्रेनमध्ये ड्रोनमुळे जखमीला हलवायला कित्येक तास, कधी दिवस लागतात असं वाचलं. म्हणजे आपण परत १९१६ च्या घड्याळावर आलो की काय?

---

सूक्ष्मदर्शी:

बऱ्याच अंशी हो. आणि म्हणूनच 'लावायचा कसा' इतकंच 'काढायचा कधी' हे शिकवणं आता गरजेचं झालं आहे. त्या युद्धात गरज नसताना लावलेले आणि तासन्‌तास तसेच राहिलेले पट्टे हा खरा प्रश्न बनला आहे.

मधूनमधून सैल करण्याची सूचना का गेली ते आधी. कल्पना अशी होती की पाच मिनिटं रक्त मिळालं की स्नायू तगेल. घडतं असं की प्रत्येक वेळी सैल केला की जखमेतून रक्त जातं, नुकती धरू लागलेली रक्ताची गाठ वाहून जाते, आणि आधीच कमी रक्त उरलेल्या माणसाकडून हप्त्याहप्त्याने उरलेलं काढून घेतलं जातं. स्नायूला त्या पाच मिनिटांत फारसं काही मिळत नाही. म्हणून दोनच पर्याय ठेवले: पट्टा पूर्ण आवळलेला, किंवा विचार करून, तयारीनिशी पूर्ण सोडलेला.

सोडायच्या आधी तीन प्रश्न. जखमी शॉकमध्ये आहे का? पट्टा सोडल्यावर जखमेवर सतत नजर ठेवता येईल का? आणि अवयव तुटलेला तर नाही? शॉक असेल, किंवा नजर ठेवता येणार नसेल, किंवा अवयव तुटलेला असेल, तर हात लावू नका. तिन्ही अडचणी नसतील तर दोन तासांच्या आत टूर्निकेच्या जागी ड्रेसिंग आणायचा प्रयत्न करा. जखम आधी रक्त गोठवणाऱ्या गॉजने ठासून भरा, तीन मिनिटं पूर्ण दाब द्या, वर दाबपट्टी बांधा. मग दांडी हळूहळू, साधारण मिनिटभरात, सैल करा. पट्टा काढून टाकू नका, तिथेच ढिला राहू द्या. ड्रेसिंग लाल व्हायला लागलं तर परत आवळा आणि नवी वेळ लिहा. मूळ वेळ खोडू नका, दोन्ही लागतात.

दोन ते सहा तास हा धूसर टप्पा. सहा तासांच्या पुढे रुग्णालयाबाहेर सोडायचा नाही. कारण पट्ट्याखालचे स्नायू मरत असताना त्यांच्या पेशींतून पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन (स्नायूतलं एक प्रथिन) बाहेर पडून तिथेच साचतं. पट्टा सुटला की ते सगळं एकदम हृदयाकडे जातं. पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतात. मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं, लघवी काळपट तपकिरी होते. शिवाय रक्त परत मिळालेला पाय सुजतो आणि स्नायूंभोवतालचं न ताणणारं आवरण आतूनच पायाचा गळा आवळतं. ते आवरण चिरून मोकळं करायला सर्जन लागतो.

म्हणून लांब लांबणाऱ्या वाटेवर पहिल्या दोन तासांतला तो निर्णय सगळ्यात मोलाचा. लावलेले पट्टे पुन्हा तपासले तर त्यातले बरेच अनावश्यक निघतात: मांसल जखम, धमनी शाबूत, दाबपट्टीने भागलं असतं. गोळीबारात ते कळणं शक्य नसतं आणि तेव्हा लावणं बरोबरच होतं. आडोशाला आल्यावर परत न बघणं ही चूक.

---

कापूसपट्टी:

सूक्ष्मदर्शी यांनी 'ठासून भरा' म्हटलंय. ते दोन शब्द फार कमी लोक नीट करतात, म्हणून सविस्तर. आणि जांघ, काख, मानेच्या बुडाशी टूर्निके बांधताच येत नाही, तिथे हीच एक गोष्ट हाती उरते.

गॉजचा पट्टा साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि ३.७ मीटर लांब, नागमोडी घडीचा. केओलिन नावाची माती त्यात मुरवलेली असते, ती रक्त गोठण्याची साखळी लवकर सुरू करते. २००८ पासून अमेरिकन सैन्याची पहिली पसंती हीच. त्याआधी जखमेत ओतायची पावडर होती, ती तापायची आणि भाजायची. आणखी एका पावडरीचे कण रक्तवाहिनीत शिरून गुठळ्या होतात हे कळल्यावर २००९ मध्ये तिचा वापर थांबवला.

जखमेतलं साचलेलं रक्त आधी पुसून काढा, नाहीतर गॉज रक्ताच्या तळ्यावर तरंगतो. बोट आत घाला आणि धार कुठून येते ते शोधा; गरम, जोराने उसळणारं तिथे बोटाला कळतं. ते बोट तिथेच दाबून ठेवा. गॉजचं टोक त्या बोटाखाली सरकवा, मग दुसऱ्या हाताचं बोट, मग परत पहिलं, आळीपाळीने, एक बोट कायम दाबलेलं. दिशा हाडाकडे, कारण धमनी दाबायला मागे काहीतरी कठीण लागतं. नुसता वरून बोळा ठेवला तर तो रक्त शोषतो आणि आत रक्त वाहत राहतं. गॉज कातडीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येईपर्यंत जखम भरा, उरलेला गॉज वरच घडी करा आणि दोन्ही तळहातांनी, कोपर ताठ ठेवून, शरीराचं वजन टाकून तीन मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. घड्याळ लावा, अशा वेळी एक मिनिट तीन मिनिटांसारखं वाटतं. साधा गॉज असेल तर ह्याहून बराच जास्त वेळ.

छाती आणि पोटाच्या जखमेत हे करू नका. आतली पोकळी भरून संपत नाही.

---

तिसरी पलटण:

शेवटच्या ओळीवरून: २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ अमेरिकन युद्धमृत्यूंचा अभ्यास ईस्टरिज यांनी केला. ८७ टक्के रुग्णालयाच्या आधीच गेलेले. त्यातले साधारण चौथा हिस्सा वाचवता येण्यासारखे, आणि या वाचवण्यासारख्यांत ९१ टक्के रक्तस्रावाने. तो रक्तस्राव धडातून ६७ टक्के, जांघ-काख-मानेतून १९, हातापायांतून साडेतेरा. टूर्निकेने आपला वाटा उचलला, बाकीचा मोठा वाटा बाहेरून दाबून थांबणाराच नाही. तिथे लवकर शस्त्रक्रिया आणि तोवर रक्त.

---

नाडीपरीक्षा:

त्या 'तोवर रक्त'बद्दल, कारण इथेही मत असंच पुढे-मागे झालेलं आहे.

ऑस्वल्ड रॉबर्टसन याने १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईत सायट्रेट (रक्त गोठू न देणारा क्षार) आणि साखरेच्या द्रावणात घेतलेलं, काचेच्या बाटल्यांत बर्फात ठेवलेलं रक्त पुढच्या चौकीत वापरलं. वॉल्टर कॅनन आणि सहकाऱ्यांनी १९१८ मध्ये लिहिलं की रक्तस्राव थांबवायच्या आधी द्रव चढवून दाब वाढवला तर धरलेली गाठ सुटते. दोन्ही गोष्टी आज जशाच्या तशा शिकवतात. मधल्या दशकांत मात्र जखमीला सलाइनच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या लावायची सवय झाली. सलाइनमध्ये गोठवणारं काही नसतं, ते गोठण्याचे घटक पातळ करतं, अंग थंड पाडतं, आणि थंड रक्त गोठत नाही. उन्हातसुद्धा रक्त गेलेला माणूस गार पडतो, म्हणून ओले कपडे काढून त्याला खालून-वरून गुंडाळणं हाही रक्तस्रावावरचाच उपचार आहे.

आता रोख असा: पूर्ण (घटक वेगळे न केलेलं) रक्त, शक्यतो ओ गटाचं आणि प्रतिपिंडांचं प्रमाण कमी असलेलं. वरचा दाब ९० ते १०० च्या घरात, डोक्याला मार असेल तर १०० ते ११०. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, म्हणजे धरलेली गाठ विरघळू न देणारं औषध, तीन तासांच्या आत. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत २०,००० हून अधिक रुग्णांवर दिसलं की तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचं प्रमाण उलट वाढतं.

जागेवर रक्त काढून द्यायची वेळ येते तेव्हा चूक पिशवीत होते. पिशवीतलं ६३ मिलिलिटर सायट्रेटचं द्रावण ४५० मिलिलिटर रक्तासाठी मोजलेलं असतं. कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं, जास्त भरली तर पिशवीतच गाठी होतात. ताणकाटा नसेल तर भरलेल्या पिशवीच्या घेराइतकी दोरी आधीच मापून ठेवतात, ती पिशवीभोवती जेमतेम पोहोचली की नळी बंद. भरताना पिशवी हलती ठेवा. आणि पहिल्या पिशवीनंतर कॅल्शियम द्या, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे ३० मिलिलिटर किंवा क्लोराइडचे १०, हळूहळू शिरेतून. सायट्रेट रुग्णाच्या अंगातलंही कॅल्शियम बांधतं, आणि त्याच्याशिवाय ना रक्त गोठतं ना हृदय नीट आकुंचन पावतं.